गाल फुगवायची तालीम

आत्यांच्या तोंडात काहीतरी दुखतंय, हे घरात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं होतं. तरीही मी दोन महिने गप्प बसले.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणायची पद्धत आहे. ढोकीपासून थोडं आत आमचं गाव. घरात आम्ही तिघं. नवरा शेती बघतो, मी जवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, आणि आत्या. मुलगी बारावीसाठी लातूरला राहते. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले, त्यामुळं घर उभं ठेवलं ते आत्यांनी, असं गावातलं कुणीही सांगेल. त्या स्वतः मात्र कधी बोलून दाखवत नसत.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमचं बिनसलं होतं. कारण होतं मिश्री. जाळलेल्या तंबाखूची ही काळी पूड आत्या सकाळ-संध्याकाळ दातांना लावायच्या, आणि मधल्या वेळेत चार-पाच वेळा. डावा गाल आणि हिरडी यांच्या मधे बोटानं सारून तशाच बसायच्या. एकदा आमच्या मुख्याध्यापिका घरी आल्या होत्या. आत्या ओसरीच्या कडेला बसून तोंडात बोट फिरवत होत्या, आणि मी पाहुणीसमोर त्यांना म्हणाले, की निदान चार माणसांत तरी हे करू नका, यानं तोंडाचा कॅन्सर होतो, आम्ही मुलांना शिकवतो. वर्गात बोलावं तसंच बोलले मी. आत्या उठल्या, हौदावर जाऊन चूळ भरली आणि गोठ्यात निघून गेल्या. त्या दिवसापासून माझ्या देखत त्यांनी मिश्री लावली नाही. कामापलीकडं माझ्याशी बोलल्याही नाहीत. दूध तापवलंय, लाईट गेली, पाव्हणे आले, एवढंच. मीही हट्टालाच पेटले होते. बोलायचं असेल तर त्या बोलतील, असं म्हणून मी माझ्या कामाला लागायची.

दसऱ्यानंतर त्यांनी ठेचा सोडला. मग भाकरीचे पापुद्रे काढून फक्त मऊ भाग खायला लागल्या. मग अख्खी भाकरी दुधात कुस्करायला लागल्या. जांभई आली की डाव्या गालावर हात जायचा. मी समोर बसून हे सगळं बघत होते. विज्ञानाची शिक्षिका होते, बरी न होणारी जखम म्हणजे काय असू शकतं हे फळ्यावर लिहून देत होते. आणि घरात ताट उचलून मोरीत ठेवत होते.

येळवशीच्या दिवशी ते उघडकीला आलं. आमच्या भागात वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याच्या कोपीत, त्या छोट्या खोपटात, पूजा झाली, भाज्या-शेंगांची भज्जी आणि भाकरी वाढली, लसूण घातलेल्या ताकाच्या आंबिलाचे पेले भरले. आत्यांनी आंबिलाचा एक घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं. नवऱ्यानं विचारलं काय झालं. त्या म्हणाल्या, लसूण झोंबला. लसणानं असं पाणी येत नाही. मी हातातला घास ताटात ठेवला आणि त्यांना कोपीच्या मागं नेलं.

"आत्या, तोंड उघडा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता झिडकारतील. पण त्यांनी तोंड उघडलं. पुरतं उघडेनाच, दोन बोटं जेमतेम जातील एवढंच. मोबाईलच्या बॅटरीनं मी आत बघितलं. डावीकडं खाली, गाल जिथं हिरडीला मिळतो तिथं, चिंचोक्याहून मोठी जखम होती. मधे पांढरट, कडेनं लाल आणि उचललेली. मी बॅटरी बंद केली आणि नवऱ्याला म्हणाले, उद्याच धाराशिवला जायचं.

धाराशिवच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी कॅन्सरच निघाला. तोंडाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारे एक सर्जन दर गुरुवारी सोलापूरहून त्या दवाखान्यात येतात, त्यांना दाखवा, पण त्याआधी मानेचा आणि तोंडाचा सीटी स्कॅन करून ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

नेमकी त्याच आठवड्यात आमच्या उसाला तोड आली. महिनाभर तोडणीच्या टोळीची वाट बघितली होती. पहाटेपासून फडात कोयते चालू, ट्रॅक्टर भरून कारखान्याकडं जायचे, नवऱ्याला जागचं हलता येईना. तो म्हणाला, तू शिकलेली आहेस, तुला डॉक्टरांचं कळतं, तूच जा. यात कौतुक होतं की सुटका, ते मला कळलं नाही. मी शाळेत रजा टाकली आणि आत्यांना घेऊन एसटीत बसले. तास-दीड तासाच्या त्या वाटेवर आम्ही एकमेकींशी चार शब्दही बोललो नाही. मी सारखी पिशवी उघडून कागद आहेत का बघत होते. त्या खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या मोजत होत्या.

स्कॅन सेंटरमधे गर्दी होती. तिथल्या माणसानं सांगितलं, डोक्याला-मानेला धातूचं काही नको, फोटोत त्याच्या रेषा येतात. आत्यांच्या कानांत सोन्याच्या कुड्या होत्या. त्यांच्या फिरक्या किती वर्षांत फिरल्या नव्हत्या कुणास ठाऊक. त्यांच्या हाताला ते जमेना, म्हणून मी त्यांना नळापाशी नेलं, बोटाला साबण लावला आणि फिरकी हळूहळू सोडवायला लागले. त्यांचा चेहरा माझ्या हातात होता. लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्यांच्या गालाला मी पहिल्यांदा हात लावत होते. डाव्या जबड्याखाली एक छोटी कडक गाठ माझ्या अंगठ्याला लागली. मी अंगठा तिथून पटकन काढला. त्यांना ते कळलं असणार. आपण होऊनच त्यांनी दुसरा कान पुढं केला.

आत नेलं आणि थोड्याच वेळात बाहेर आणलंसुद्धा. आत्या बाकावर बसल्या आणि माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाल्या, की सुईतून औषध गेलं तसं अंगात कढत पाणी ओतल्यागत झालं, मला वाटलं लुगड्यातच झाली. मग खोकला आला आणि तो मानूस वरडला. त्या उन्हाळ्यापासून त्या माझ्याशी बोललेलं हे सगळ्यांत लांब वाक्य होतं. मी सांगितलं, की त्या औषधानं सगळ्यांनाच तसं वाटतं. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. अंदाजानं बोलले. नंतर विचारून बघितलं तर ते खरं निघालं.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. एक मोठा लिफाफा, त्यात काळ्या फिल्म, एक सीडी आणि इंग्रजीत दोन पानं. मी बसमधे उभ्यानंच वाचायला लागले. कळलं ते एवढंच, की गाठ आहे, जबड्याखालची एक ग्रंथी सुजलेली आहे, आणि खालच्या जबड्याच्या हाडात गाठ शिरली नाही असं सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य मी दहादा वाचलं. शिरली आहे असं म्हणत नव्हते. शिरली नाही असंही म्हणत नव्हते. मग मी मोबाईलवर शोधलं, आणि अर्धा जबडा काढलेल्या माणसांचे फोटो समोर आले. फोन बंद केला. दोन मिनिटांनी पुन्हा उघडला. शेजारी आत्या डोळे मिटून बसल्या होत्या. मी त्यांच्या हनुवटीपासून कानापर्यंतची रेघ बघत होते, आणि ती रेघ तिथं नाही असं मनात आणून बघत होते.

पुढचे दिवस मला एका जागी बसवेना. आठवीला प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते. फळ्यावर किरण काढला आणि तो कुठं वळवायचा हेच विसरले. मुलं वाट बघत बसली. मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची. घरी आले की फिल्म काढून खिडकीच्या काचेला लावायची. त्यात काय बघायचं तेच माहीत नव्हतं. पांढरं म्हणजे हाड, एवढं कळत होतं. डाव्या बाजूच्या हाडाची कड एका जागी ओल्या कागदावर शाई फुटावी तशी दिसत होती. ते गाठीनं खाल्लेलं आहे का, हे मी काचेला नाक लावून बघत होते. आत्या एकदा मागं येऊन उभ्या राहिल्या. किती वेळ उभ्या होत्या माहीत नाही. "माझं मुंडकं हाय व्हय त्ये," एवढंच म्हणाल्या आणि म्हशीला पाणी दाखवायला गेल्या.

गुरुवारी सर्जननी सीडी कॉम्प्युटरमधे घातली, चाक फिरवत वरून खाली चित्रं बघितली, पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. मग त्यांनी खुर्ची आमच्याकडं वळवली. यावरून मी ठरवू शकत नाही, असं ते स्पष्टच म्हणाले. तोंड मिटलं की गाल हिरडीला चिकटतो, आणि चित्रात दोन्ही मिळून एकच ढेकूळ दिसतं. गाठ गालाची आहे की हिरडीवरची, ते वेगळं करता येत नाही. त्यात नेमक्या त्याच वेळी आजी हलल्या, म्हणून हाडाची कड धूसर आलीय. आणि मग त्यांनी स्वतःचे दोन्ही गाल टम्म फुगवून दाखवले. असं करायचं, म्हणाले. मधे हवा गेली की चित्रात ती काळी दिसते, गाल एकीकडं, हिरडी एकीकडं. श्वास नाकानं घ्यायचा, गिळायचं नाही, हलायचं नाही. स्कॅन काही सेकंदांचाच असतो, पण वीस आकडे धरता आलं तर नीट येईल.

मी विचारलं, यावर काय काय अवलंबून आहे. त्यांनी आत्यांकडं बघितलं आणि त्यांनाच सांगितलं. "आजी, गाठ हाडात गेली असेल तर या बाजूचा जबडा काढावा लागेल. नसेल गेली तर ठेवता येईल. उगाच काढायचा नाही, आणि उगाच ठेवायचापण नाही."

आत्यांनी मान हलवली. पुढच्या गुरुवारी सकाळी स्कॅन पुन्हा करायचा, दुपारी ते बघणार, असं ठरलं. जखमेवर लावायला एक बधिर करणारं मलम दिलं. गाल फुगवायच्या आधी थोडा वेळ लावा, म्हणाले. बाहेर आल्यावर आत्या पायऱ्यांवरच थांबल्या. ह्या वयात म्या गाल फुगवीत बसू का, म्हणाल्या. मी म्हणाले, बसायचं.

पहिल्या दिवशी तीन आकडेसुद्धा झाले नाहीत. मी त्यांना बाजेवर उताणं झोपवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या, मोबाईलवर सेकंदाचा काटा चालू केला. त्यांनी हवा भरली की डाव्या कोपऱ्यातून ती फुर्रकन निघून जायची. ओठ त्या बाजूला नीट मिटतच नव्हता. चौथ्या वेळी कळ मस्तकात गेली आणि त्या उठून गोठ्यात गेल्या. मी मागं गेले. तिथून त्या अंगणात आल्या, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागल्या. मीही अंगणात आले. तुकडा काढल्यापासून त्यांनी मिश्रीला हात लावला नव्हता, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. एकदा निवडलेली तूर पुन्हा निवडायच्या. गोधडीचे धागे ओढायच्या. कुठंही पाच मिनिटं टेकायच्या नाहीत. आणि मी हातात मोबाईल धरून त्यांच्या मागं मागं. शेवटी त्या झाडू टाकून म्हणाल्या, की माझ्या पाठी का लागलीस, म्या काय पळून चाललेय का.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आधी आपण करून बघावं. गाल फुगवून घड्याळ लावलं. दहा आकड्यांपर्यंत काही नाही. मग तोंडात लाळ जमते, आणि ती गिळावीशी वाटते, आणि एकदा ते मनात आलं की दुसरं काही सुचत नाही. तेराव्या आकड्याला मी गिळलं. जखम नसलेल्या बाईची ही गत. मी आत्यांना ते सांगितलं, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून गाल फुगवायला लागलो. मी बोटांनी आकडे दाखवायची. त्या डाव्या ओठाचा कोपरा बोटानं दाबून धरायला शिकल्या. स्कॅनमधे हात वर घेता येईल का, हे विचारायला मी सेंटरला फोन केला. नाही, म्हणाले, हात खाली लागतील. मग बोटाशिवाय. सहा झाले. नऊ झाले. एकदा शेजारची बाई विरजण मागायला आली आणि दारात उभी राहून आमच्याकडं बघतच राहिली. सासू-सून दोघी गाल फुगवून एकमेकींकडं बघत बसलेल्या. मला हसू फुटलं आणि आत्यांचीही हवा गेली. त्यांनी हसताना तोंडावर पदर धरला. हसल्यामुळं दुखत होतं, तरी त्या हसत होत्या.

मंगळवारी दुपारी मी शाळेतून लवकर आले. नवरा फडात होता. आत्या बाजेवर पडल्या होत्या, मलम लावलेलं, बोलताना जीभ जड येत होती. बारा आकडे झाले, मग त्यांनी हवा सोडली आणि वर आढ्याकडं बघत म्हणाल्या,

"म्या तुला कशी सांगणार व्हते? तू म्हनली आसतीस, म्या आधीच सांगितलं व्हतं."

मी मोबाईल खाली ठेवला. त्या मला दोष देत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. आणि मला वाटलं, आता नाही बोलले तर पुन्हा बोलणं व्हायचं नाही.

"आत्या, मला दिसत होतं," मी म्हणाले. "तुम्ही भाकरी कुस्करत होता तेव्हापासून. तुम्ही आधी बोलावं म्हणून मी गप्प बसले."

बाहेर रस्त्यानं ट्रॅक्टर गाणी लावून गेला. मला वाटलं आता त्या उठून जातील, आणि गेल्या असत्या तर मी मागं जाऊ शकले नसते. मग त्यांनी उशी सरकवून डोकं नीट केलं.

"लाव घड्याळ," त्या म्हणाल्या.

त्या वेळी सोळा आकडे झाले. बुधवारी संध्याकाळी एकदा अठरा झाले, आणि लगेच पुढच्या वेळी पाच. मला त्या पाचाचीच धास्ती बसली.

गुरुवारी सेंटरमधे एक तरुण बाई मशीनवर होती. तुळजापूरकडची असावी, बोलण्यात कानडी हेल होता. तिला मी सगळं सांगितलं. तिनं आत्यांच्या कुड्या काढलेल्या आहेत ना बघितलं, मलम लावून किती वेळ झाला विचारलं, आणि आधी औषधाशिवाय एक नुसती तालीम घेऊ म्हणाली. आत्या आत आडव्या झाल्या, डोक्यावरून पट्टा लावला, दार बंद झालं. मशीनमधून हिंदीत आवाज आला, की सांस रोकिए. आत्यांनी खरंच श्वास रोखला आणि गाल फुगवायचं राहून गेलं. दुसऱ्यांदा गाल फुगवले, पण नाकही बंद केलं, आणि सातव्या आकड्याला धाप लागून सगळं सुटलं. काचेपलीकडं त्यांचे पाय हलताना मला दिसत होते. एकावर एक घासत होत्या.

ती बाई माझ्याकडं वळून म्हणाली, मशीनचा आवाज मी बंद करते, तुम्ही माईकवर बोला. त्यांना तुमचं कळेल.

तिनं बटण दाबून धरलं. मी वाकले. माझा आवाज मलाच परका वाटला. "आत्या, मी बोलतेय. ऐकू येतंय ना? मान हलवू नका. आता औषध येईल, अंगात गरम वाटेल, ते वाटू द्या. मी म्हटलं की गाल फुगवायचे. नाकानं श्वास चालू ठेवा. मी आकडे म्हणते."

औषध गेलं. त्यांची बोटं चादरीवर आवळली. ती बाई म्हणाली, आता. मी म्हणाले, फुगवा. आणि एक, दोन, तीन म्हणायला लागले. पाचाला माझाच श्वास अडकला होता, तरी आवाज सरळ ठेवला. नऊ. दहा. पलंग हळूच सरकत होता. तेराव्याला मीच गिळलं, आणि पुन्हा म्हणायला लागले. पंधराला ती बाई म्हणाली, झालं, आलं. मी सतरापर्यंत मोजतच राहिले.

पडद्यावर चित्रं उमटायला लागली. दोन्ही बाजूंना, गाल आणि हिरडीच्या मधे, काळे कप्पे दिसत होते. हवा. डावीकडच्या काळ्या कप्प्यात बाहेरच्या अंगानं एक करडा उंचवटा आत आलेला होता. हाडाची पांढरी रेघ मी शोधत होते, तोवर ते चित्र सरकलं. मी विचारलं, हाड चांगलं आहे ना. ती म्हणाली, ते डॉक्टर सांगतील ताई, मी सांगायचं नसतं. मग माझा चेहरा बघून म्हणाली, फोटो मात्र एकदम स्वच्छ आलाय.

दुपारपर्यंत थांबायचं होतं. आत्यांना पेज पाजली. त्या बाकावर बसेनात. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाचं एक झाड होतं, त्याला फेऱ्या घालायला लागल्या, आणि मी त्यांच्या सोबत. एका फेरीत त्यांनी माझं मनगट धरलं आणि मग सोडलं नाही.

सर्जननी चित्रं बघितली. या वेळी चाक फिरवून ते एका जागी थांबले आणि मला पुढं बोलावलं. पेनाच्या टोकानं दाखवलं. ही हाडाची कड, वरपासून खालपर्यंत अखंड आहे. गाठ गालाची आहे, हिरडीला टेकलीय, हाडात गेलेली नाही. मला वाटलं आता ते आणखी चांगलं काही सांगतील. पण त्यांनी पेन खाली सरकवलं. मानेतली ग्रंथी मात्र चांगली दिसत नाही. गाल काढावा लागेल, मानेतल्या ग्रंथी काढाव्या लागतील, हाडाची वरची एक पट्टी खबरदारी म्हणून तासावी लागेल, मग शेक, म्हणजे किरणांचे उपचार. जबडा राहील. आत्यांनी विचारलं, भाकरी खाता येईल का. ते म्हणाले, बहुतेक मऊ करून.

सोलापूरला ऑपरेशन झालं. दंडाची कातडी गालात बसवली. ती गालात बसली, पण रंगानं वेगळी राहिली. मग शेकासाठी चेहऱ्याचा साचा केला. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबून बसवतात, ती वाळली की चेहऱ्याच्या आकाराची होते, आणि रोज तीच लावून माणसाला पलंगाला जखडतात, म्हणजे किरण नेमक्या जागी पडतात. आत्या पहिल्या दिवशी त्या जाळीकडं बराच वेळ बघत होत्या. ऑपरेशननंतर त्यांनी आरसा बघायचं टाळलं होतं, आणि त्यांचं नवं तोंड त्यांना पहिल्यांदा त्या जाळीतच दिसलं. डावीकडं बसकं, तिरकं. "आसं दिसतंय व्हय," म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या.

शेक संपल्यावर तीन महिन्यांनी आणखी एक स्कॅन झाला. त्यात शिरेतून साखरेसारखं औषध देतात, आणि कॅन्सर असेल तिथं ते जास्त जमून उजळतं. औषध दिल्यावर तासभर एकटीनं गप्प बसायचं, बोलायचं नाही, चघळायचं नाही, नाहीतर जिभेचे आणि घशाचे स्नायूही उजळतात आणि डॉक्टरांची गफलत होते. आत्यांनी तो तास भिंतीकडं बघत काढला. तरीही रिपोर्टमधे डाव्या गालात थोडं उजळलेलं आलं. शेकाची सूज असेल, किंवा ते पुन्हा आलं असेल, दोन महिने थांबून बघू, असं सांगितलं. ते दोन महिने मी कसे काढले ते मला नीट सांगता येत नाही. त्या झोपल्या की मी त्यांच्या गालाकडं बघायची. शाळेत वह्या तपासताना एकच वही दोनदा तपासायची. नवऱ्याशी कारण नसताना भांडले, आणि त्यानं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. तेव्हा कळलं, की त्यालाही घरात बसवत नाही, रोज शेताकडं जाताना तो लांबच्या वाटेनं जातो. दोन महिन्यांनी बघितलं तर ती सूजच होती, उतरली होती.

आता दोन वर्षं होत आली. आत्यांचं तोंड दोन बोटांएवढं उघडतं. लाळ कमी येते, पाण्याची बाटली कायम जवळ लागते. डाव्या बाजूनं खाताना थोडं बाहेर येतं आणि त्यांना ते कळत नाही, कारण तिथं स्पर्शच नाही. म्हणून त्या चार माणसांत जेवायच्या बंद झाल्या होत्या. लग्नाकार्याला गेल्या तरी जेवणाच्या वेळी कुठंतरी कामाचं निमित्त काढायच्या.

मागच्या महिन्यात त्यांच्या भाचीचं लग्न अणदूरला होतं. आदल्या आठवड्यात तपासणी झाली होती, पुढची सहा महिन्यांनी. मी त्यांना पंगतीत माझ्या शेजारी बसवलं आणि मग माझाच जीव वरखाली व्हायला लागला. समोरच्या ओळीतल्या बायका बघत होत्या. वरण-भात कालवून त्यांनी पहिला घास घेतला. थोडं वरण हनुवटीवर आलं. माझा हात पदराकडं गेला, पण त्यांनी स्वतःच बोटानं ते पुसलं, सावकाश, आणि समोरच्या बाईला विचारलं की तुमच्याकडं पाऊस कसा आहे. ती सांगायला लागली. वाढपी बुंदी घेऊन आला, मी त्याला नको म्हणणार, तोवर आत्यांनी पत्रावळीत जागा केली.

"मऊ हाय का?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, ताजी आहे आजी. त्यांनी थोडी वरणात भिजवून खाल्ली, आणि मला म्हणाल्या, जेव आता, सगळे उठतील.